सर्वोत्तम सुपरकार कोणाची? माझे उत्तर आणि त्यामागची कारणे

१९६५ च्या तुरिन मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने जे मांडले होते, त्याला गाडी म्हणणेही कठीण होते. वरचे कवच नाही, दरवाजे नाहीत, काच नाही. वजन कमी करण्यासाठी जागोजागी भोके पाडलेला पोलादी सांगाडा, चार चाके आणि चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन, एवढाच तो ऐवज होता. जिआन पाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि बॉब वॉलेस या तिशीही न गाठलेल्या तिघांनी तो घडवला होता. पुढच्या वर्षी बेर्तोने या आरेखन संस्थेतील मार्चेल्लो गांदिनी यांनी आखलेले शरीर त्यावर चढले आणि जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘मिउरा’ लोकांसमोर आली. इंजिन मध्यभागी ठेवण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांत तोवर रुळली होती. पण बारा सिलिंडरचे इंजिन असे बसवून ती गाडी रस्त्यावर वापरायला विकायची, हे धाडस नवे होते. सुपरकार म्हटल्यावर आज जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्याची सुरुवात मी मिउरापासून धरतो.

परंतु सुपरकारला पहिला आकार देणारी कंपनीच आज सर्वोत्तम आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा आकड्यांच्या आधारे दिले जाते. कमाल वेग किती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला किती सेकंद लागतात, अश्वशक्ती किती, यांची कोष्टके मांडली की निकाल लागला असे समजले जाते. आकडे खोटे नसतात, पण त्यांचे वजन आता घटले आहे. क्रोएशियाच्या रिमॅकची नेव्हेरा ही चार विद्युत मोटारींवर चालणारी गाडी १९१४ अश्वशक्ती देते आणि दोन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. निव्वळ झेप हीच कसोटी असती, तर पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या सुपरकारांची चर्चा तिथेच संपली असती. ती संपत नाही, कारण या गाड्यांकडून आपली अपेक्षा वेगळी असते.

मी ही तुलना गाड्यांची न करता त्या बनवणाऱ्यांची करणार आहे. एखादी अप्रतिम गाडी एका प्रतिभावान अभियंत्याच्या हट्टातून जन्माला येऊ शकते, त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत इथे लागू पडत नाही. माझ्या कसोट्या तीन आहेत. गाडीचा जीव, म्हणजे इंजिन, कंपनीने स्वतः घडवले आहे का? वळणावर गाडी घालताना पुढची चाके काय करत आहेत हे चालकाच्या हाताला कळते का? आणि एखादी गाडी फसली, तर पुढच्या गाडीत ती चूक खरोखर दुरुस्त झाली का? यांतील तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण माणसे बदलल्यानंतरही कंपनीत काय शिल्लक राहते ते तिच्यातूनच दिसते.

लॅम्बोर्गिनीपासूनच सुरुवात करायची तर तिची कर्तबगारी आणि तिचे दोष दोन्ही मिउरातच सापडतात. त्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या भागात होती. टाकी रिकामी होत जाई तसे नाक हलके होई आणि मोठ्या वेगात पुढची चाके रस्त्यावरची पकड सैल करू लागत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना सुरुवातीला एकच तेल वापरावे लागे, आणि ही अडचण मिउराच्या ‘एसव्ही’ या अखेरच्या आवृत्तीतील शेवटच्या काही गाड्यांत दूर झाली. पुढे आली काउंटाश. तिचा नमुना १९७१ मध्ये दिसला आणि विक्री १९७४ मध्ये सुरू झाली. गांदिनी यांनी आखलेली ती पाचरीसारखी आकृती आणि वर उचलले जाणारे दरवाजे मोटारींच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहेत, पण मागचे जवळजवळ काहीच दिसत नसल्यामुळे गाडी मागे घेताना दरवाजा उघडून उंबऱ्यावर बसण्याची वेळ चालकावर येत असे. दृश्याचा थाट आधी आणि चालकाची सोय नंतर, हा क्रम या कंपनीने पुढे बराच काळ पाळला. मधल्या वर्षांत मालकही सतत बदलत राहिले. संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी सत्तरच्या दशकात बाहेर पडले, कंपनीचे दिवाळे निघाले, १९८७ मध्ये ती क्रायस्लरकडे गेली आणि अखेर १९९८ मध्ये आउडीच्या छत्राखाली तिला स्थैर्य लाभले.

या सगळ्या वादळांत एक गोष्ट मात्र टिकून राहिली आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जिओत्तो बिझ्झारिनी यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला आखलेले बारा सिलिंडरचे मूळ इंजिन वाढत, सुधारत २०१० पर्यंत, म्हणजे मुर्सिएलागोच्या शेवटापर्यंत वापरात राहिले. त्यानंतर अ‍ॅव्हेंटाडोरसाठी साडेसहा लिटरचे नवे इंजिन तयार झाले, तेही टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेवाचून. मात्र त्याच अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये एकच क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स बसवला गेला, जो प्रत्येक गिअर बदलताना मानेला हिसका देत असे, आणि इतर स्पर्धक पुढचा गिअर आधीच तयार ठेवणाऱ्या दुहेरी क्लचकडे वळल्यानंतरही २०२२ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तोच कायम राहिला. २०२३ च्या रेव्हुएल्टोने अखेर हा हिशेब चुकता केला. तिच्यात दुहेरी क्लचचा आठ गिअरांचा गिअरबॉक्स इंजिनच्या मागे आडवा बसवला आहे, गिअरबॉक्सने रिकाम्या केलेल्या मधल्या बोगद्यात बॅटरी ठेवली आहे, आणि तीन विद्युत मोटारींसह एकूण शक्ती १०१५ अश्वशक्तीवर नेली आहे. मांडणीच्या दृष्टीने ही लॅम्बोर्गिनीची आजवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली गाडी आहे. पण चूक दुरुस्त व्हायला गाडीचे एक संपूर्ण आयुष्य खर्ची पडले, ही नोंद मला टाळता येत नाही.

बुगाटीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिचे उद्दिष्टच मर्यादित आहे. फोक्सवागनच्या अखत्यारीत २००५ मध्ये आलेल्या वेरॉनमध्ये आठ लिटरचे सोळा सिलिंडरचे इंजिन, चार टर्बो आणि दहा रेडिएटर होते. १००१ अश्वशक्ती आणि ताशी ४०७ किलोमीटर हे आकडे गाठण्यासाठी उष्णतेचे काय करायचे, हाच तिच्यापुढचा खरा प्रश्न होता. पूर्ण वेगाने चालवल्यास तिची १०० लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. २०१९ मध्ये वेरॉननंतरच्या शिरॉन या गाडीच्या एका खास आवृत्तीने चालक अँडी वॉलेस यांच्या हातून ताशी ४९० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. अशी गाडी थंडीत, पावसात, शहराच्या रहदारीत बिनतक्रार चालते, हे अभियांत्रिकीचे मोठे यश आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. तरीही जवळपास १९०० किलो वजनाची गाडी वळणावर कितीही शहाणपणाने वागली, तरी तिचे वस्तुमान तिच्यासोबत वळतेच. बुगाटी हा भव्य प्रवासाचा आणि सरळ रेषेचा सम्राट आहे; मी शोधतो आहे ते दुसरे काही आहे.

छोट्या कार्यशाळांमध्ये दोन नावे वगळता येणार नाहीत. स्वीडनच्या क्रिस्तियन फॉन कोनिग्सेग यांनी १९९४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कंपनी काढली आणि त्यांची पहिली विक्रीयोग्य गाडी २००२ मध्ये रस्त्यावर आली. २००३ मध्ये कारखान्याला आग लागली, तेव्हा सगळे बिऱ्हाड एंगेलहोल्मच्या जुन्या लढाऊ विमानतळावर हलले, आणि त्या तळावरच्या तुकडीचे भुताचे चिन्ह आजही त्या गाड्यांवर मानाने मिरवते. या कंपनीत मला सर्वाधिक भावते ती प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची तिची सवय. रेगेरा या गाडीत त्यांनी नेहमीचा गिअरबॉक्सच काढून टाकला. तीन विद्युत मोटारींच्या साहाय्याने एकाच गुणोत्तरावर गाडी थांब्यापासून ताशी ४०० किलोमीटरच्या घरापर्यंत जाते. येस्कोमध्ये त्याच्या उलट नऊ गिअर दिले, पण सात स्वतंत्र क्लच वापरून अशी रचना केली की सातव्या गिअरमधून थेट चौथ्यात उतरता येते आणि मधल्या पायऱ्यांवर वेळ जात नाही. २०१७ मध्ये अगेरा आरएसने नेवाडातील रस्त्यावर दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी ताशी ४४७ किलोमीटर नोंदवली. इंजिन आणि गिअरबॉक्सपासून कार्बन फायबरच्या पोकळ चाकांपर्यंत इतके काही स्वतः करणारी इतकी छोटी कंपनी दुसरी नाही. पण प्रत्येक मॉडेलच्या अगदी मोजक्या गाड्या तयार होतात, त्यामुळे हजारो मालकांच्या हाती वर्षानुवर्षे वापरल्यावर रचनेतील जे दोष बाहेर येतात, त्यांची परीक्षा तिथे होतच नाही. कोनिग्सेगला मी कल्पकतेत पहिला क्रमांक देईन. निर्माता म्हणून तिची संपूर्ण परीक्षा अजून व्हायची आहे.

ओरासिओ पगानी यांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. अर्जेंटिनातून इटलीत आलेला हा कारागीर लॅम्बोर्गिनीत काम करत असताना कार्बन फायबर भाजण्याच्या दाबभट्टीसाठी आग्रह धरत होता. कंपनीने ती घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी कर्ज काढून स्वतःची भट्टी विकत घेतली, आणि पुढे १९९९ मध्ये झोंडा ही त्यांची पहिली गाडी जिनिव्हात प्रकट झाली. २०२२ ची युटोपिया पाहताना जाणवते की यंत्राचा प्रत्येक सुटा भाग दागिन्यासारखा घडवता येतो, अगदी स्क्रूसुद्धा. आणि आजच्या काळात हाताने बदलायच्या सात गिअरांचा पर्याय देण्याचे धैर्यही तिने दाखवले आहे. मात्र इंजिन मर्सिडीज-एएमजीचे आहे. ते पगानीसाठी खास बांधले जाते हे खरे, तरीही माझ्या पहिल्या कसोटीवर इथे उणेच पडते. सौंदर्याची तुलना असती, तर मी लेख याच परिच्छेदात थांबवला असता.

पोर्शेला या यादीत घ्यावे की नाही, यावरच वाद होतो. तिची मुख्य ओळख असलेली ९११ ही रूढ अर्थाने सुपरकार नाही. इंजिन मागच्या धुरीच्याही मागे, मागे दोन छोट्या जागा, आणि रोज वापरता येईल असा स्वभाव. पण पोर्शेने ठरवले तेव्हा तिने सुपरकारची व्याख्याच पुढे सरकवली आहे. १९८६ च्या ९५९ मध्ये संगणकाच्या नियंत्रणाखाली चारही चाकांना शक्ती वाटली जात होती. २००३ च्या करेरा जीटीमध्ये शर्यतीसाठी सुरू केलेल्या आराखड्यातून उतरलेले ५.७ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन होते. २०१३ मध्ये ९१८ स्पायडरने जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या शर्यतमार्गाची फेरी सात मिनिटांच्या आत, ६ मिनिटे ५७ सेकंदांत पूर्ण केली. आणि ९११ जीटी३ चे चार लिटरचे, मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढणारे इंजिन, जे आजही टर्बोवाचून चालते, त्याच्यासारखी नेमकी आणि सच्ची यंत्रे फार थोडी आहेत. दोष हळूहळू, पिढ्यानपिढ्या घासून काढण्याच्या बाबतीत पोर्शेचा हात कोणी धरू शकत नाही: मागे टांगलेल्या इंजिनमुळे वळणात मागची बाजू पुढे येऊ पाहण्याची ९११ ची खोड त्यांनी सहा दशके चिकाटीने काबूत आणली. अडचण एवढीच आहे की सुपरकार हा पोर्शेचा अधूनमधूनचा उपक्रम आहे. ९५९ नंतर करेरा जीटीसाठी सतरा वर्षे, तिच्यानंतर ९१८ साठी दहा वर्षे जावी लागली, आणि या तीन गाड्यांमध्ये इंजिनाचा वा मांडणीचा सलग वारसा नाही.

आता मॅक्लारेन. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते आजवर घडलेली सर्वोत्तम सुपरकार याच कंपनीच्या नावावर आहे. १९९२ मध्ये प्रकाशात आलेली मॅक्लारेन एफ१ अभियंते गॉर्डन मरे यांनी कागदावर उतरवली तेव्हा त्यांनी वजनाशी कसलीही तडजोड करायची नाही असे ठरवले होते. चालक मधोमध बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे दोन प्रवासी. त्यामुळे पेडल सरळ पायांसमोर येतात आणि दोन्ही कडांचे अंतर सारखेच दिसते. संपूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा असलेली ही रस्त्यावरची पहिली गाडी होती. बीएमडब्ल्यूच्या पाउल रोशे यांनी तिच्यासाठी ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे, ६२७ अश्वशक्तीचे इंजिन बांधले आणि त्याची उष्णता परतवण्यासाठी इंजिनच्या कप्प्याला सोन्याचा मुलामा दिलेला पातळ पत्रा लावला. स्टिअरिंगला मदतनीस यंत्रणा नाही, ब्रेकला जोर पुरवणारा सर्वो नाही, चाके घसरू नयेत म्हणून एबीएसही नाही. वजन जेमतेम ११४० किलो. सर्व मिळून १०६ गाड्या तयार झाल्या. १९९५ मध्ये तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने पहिल्याच प्रयत्नात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि १९९८ मध्ये रस्त्यावरच्या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. वेगाचा विक्रम हे तिचे ध्येय नव्हतेच. हलकेपणा आणि उत्तम इंजिन यांच्या मागोमाग तो आपोआप आला.

त्यानंतर मात्र मॅक्लारेनच्या नावाने संपूर्णपणे स्वतःची म्हणता येईल अशी रस्त्यावरची गाडी यायला २०११ उजाडले. ती एमपी४-१२सी. तिचा कार्बनचा मुख्य सांगाडा फक्त ७५ किलोंचा होता आणि सस्पेन्शनमध्ये एक मूलगामी बदल होता: वळणात गाडी कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी जी पोलादी दांडी सर्वत्र वापरतात, ती काढून टाकून त्या जागी डाव्या-उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरांना तेलाच्या नळ्यांनी जोडले होते. परिणामी गाडी सरळ रस्त्यावर खड्डे अलगद पचवते आणि वळणात ताठ राहते. सुरुवातीच्या गाड्यांवर भावनाशून्यतेचा आरोप झाला. कंपनीने वर्षभरात शक्ती ६०० वरून ६२५ वर नेली आणि ती सुधारणा आधीच्या मालकांनाही विनामूल्य दिली. ही वृत्ती मला भावली. स्टिअरिंगच्या बाबतीत तर मॅक्लारेनने आजही सर्वांना मागे ठेवले आहे. इतर जवळजवळ सर्वांनी विद्युत मदतनीस स्वीकारला, पण २०२३ च्या ७५०एसमध्येही तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग आहे, आणि त्यातून रस्त्याचा पोत, टायरची ताण सहन करण्याची शेवटची रेघ, पाण्याचा पातळ थर हे सगळे चालकाच्या तळहातापर्यंत पोहोचते. माझ्या दुसऱ्या कसोटीवर मॅक्लारेन निर्विवादपणे पहिली आहे.

मग ती एकूण पहिली का नाही? एक कारण इंजिन. टर्बो असलेले आठ सिलिंडरचे एकच घराणे कधी ३.८, कधी ४ लिटरच्या रूपात अगणित मॉडेलांत वापरले गेले, आणि त्याचे उत्पादनही रिकार्डो या बाहेरच्या कंपनीकडे होते. इंजिन जोरकस आहे, यात शंका नाही. पण त्याचा आवाज ऐकण्यासाठी कोणी खिडकी उघडेल असे मला वाटत नाही. दुसरे कारण घाई. दहा वर्षांत इतकी मॉडेले, इतक्या आवृत्त्या बाजारात आल्या की कालची गाडी जुनी वाटू लागली आणि मालकांच्या हातातील गाड्यांची किंमत घसरली. २०२१ मध्ये कंपनीला आपले वोकिंग येथील मुख्यालय विकून तेच भाड्याने घ्यावे लागले. अशा ताणाखाली असलेल्या कंपनीला एखादी रचना शांतपणे पिकू देणे जमत नाही, आणि २०२१ मध्ये दाखवलेली आर्टुरा प्रत्यक्ष ग्राहकांपर्यंत पोहोचायला जो उशीर झाला, त्यातही हीच ओढाताण दिसली.

आता फेरारी. या कंपनीची थोरवी सांगताना बहुतेक लेखक एफ४० पासून सुरुवात करतात. त्याला कारणही आहे: १९८७ ची ती गाडी, संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत त्यांच्या संमतीने आलेली शेवटची, आतून गालिचाही नसलेली, दरवाजा उघडायला साधी दोरी असलेली, ४७८ अश्वशक्तीची. पण माझा निर्णय एफ४० वर उभा नाही. तो उभा आहे १९८९ च्या ३४८ वर, म्हणजे फेरारीच्या एका फसलेल्या गाडीवर.

३४८ ही आठ सिलिंडरची, मध्यभागी इंजिन असलेली छोटी फेरारी. दिसायला देखणी, पण मर्यादेजवळ पोहोचली की बिचकणारी, आणि गिअर बदलताना हट्ट करणारी. ती बाजारात आल्यानंतर वर्षभरात होंडाची एनएसएक्स आली आणि तिने आरसाच समोर धरला. एनएसएक्सचा सांगाडा पूर्णपणे अ‍ॅल्युमिनियमचा होता, चालकाला चहूबाजूंनी स्वच्छ दिसत असे, शक्ती कमी असूनही ती चपळ होती, आणि मुख्य म्हणजे ती रोज सकाळी कुरकुर न करता सुरू होत असे. फॉर्म्युला वनचे चालक आयर्टन सेना यांनी जपानमधील सुझुका शर्यतमार्गावर चालवून सुचवल्यावर होंडाच्या अभियंत्यांनी तिचा सांगाडा आणखी ताठ केला होता. गॉर्डन मरे यांनीही मॅक्लारेन एफ१ घडवताना हीच गाडी डोळ्यांपुढे ठेवली. इतका मोठा धडा देणाऱ्या होंडाने मात्र आपली गाडी पंधरा वर्षे मूळ रूपात जवळजवळ तशीच ठेवली आणि मग बंद केली. शिकवणारा थांबला आणि शिकणारा पुढे गेला.

१९९१ मध्ये फेरारीची सूत्रे हाती घेतलेल्या लुका दि मॉन्टेझेमोलो यांनी ३४८ बद्दलची नाराजी लपवली नाही. १९९४ मध्ये आलेल्या एफ३५५ मध्ये प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा होत्या, ३.५ लिटरमधून ३८० अश्वशक्ती निघत होती, गाडीचा तळ हवेच्या प्रवाहासाठी सपाट केला होता आणि सस्पेन्शन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वतःला जुळवून घेत होते. एका फेरीत ३४८ ची बहुतेक पापे धुतली गेली. १९९७ मध्ये तिच्यात स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आली. अभियंते जॉन बर्नार्ड यांनी ही कल्पना फेरारीच्या १९८९ च्या फॉर्म्युला वन गाडीत आणली होती आणि त्या गाडीने नायजेल मॅन्सेल यांच्या हाती पदार्पणाची शर्यतच जिंकली होती. आठ वर्षांत ती शर्यतीच्या मैदानावरून रस्त्यावर पोहोचली, आणि आज जगातल्या साध्या गाड्यांतही त्या पट्ट्या दिसतात. पण एफ३५५ मध्येही एक उणीव होती: इंजिनच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बदलायचा तर अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आला आणि बेल्टपर्यंत सीटमागच्या झाकणातून पोहोचता येऊ लागले. २००४ च्या एफ४३० मध्ये बेल्टच गेला आणि त्या जागी साखळी आली. सोबत मागच्या चाकांमध्ये शक्ती वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शिअल आला. २००९ च्या ४५८ इटालियामध्ये दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, ५७० अश्वशक्ती आणि मिनिटाला ९००० फेऱ्या. सुरुवातीच्या काही ४५८ गाड्यांना चाकांच्या कमानीतील उष्णतारोधक पत्रा चिकटवणाऱ्या गोंदामुळे आग लागली, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून गोंदाऐवजी धातूच्या पकडी बसवल्या.

वीस वर्षे, पाच गाड्या, आणि प्रत्येक गाडीत आधीच्या गाडीच्या एका ठरावीक तक्रारीचे उत्तर. अशी सलग वाटचाल सुपरकारच्या जगात मला दुसरीकडे सापडत नाही. ४५८ ही माझ्या मते त्या वाटचालीचे शिखर आहे. तिच्यानंतरच्या ४८८ मध्ये टर्बो आले, वेग वाढला, आणि आवाजातील ती वरच्या पट्टीतली किंचाळी थोडी दबली. २०२१ च्या २९६ जीटीबीने सहा सिलिंडर आणि विद्युत मोटार यांची सांगड घालून ८३० अश्वशक्ती गाठली, आणि १२० अंशांत उघडलेल्या त्या इंजिनचा सूर ऐकणाऱ्याला बारा सिलिंडरची आठवण करून देतो. इतक्या वेगळ्या यंत्रणेतही हाताळणीची तीच भाषा टिकवून ठेवणे सोपे नव्हते.

इंजिनच्या कसोटीवर तर फेरारीच्या जवळपास कोणी येत नाही. १९४७ ची पहिलीच फेरारी, १२५ एस, जोआकिनो कोलोम्बो यांनी आखलेल्या अवघ्या दीड लिटरच्या बारा सिलिंडर इंजिनवर धावली. २०२४ च्या डोडिची चिलिंद्रीमध्ये साडेसहा लिटरचे बारा सिलिंडर आहेत, टर्बो नाही, विद्युत मोटारीचा आधार नाही, आणि ८३० अश्वशक्तीचे हे इंजिन मिनिटाला ९५०० फेऱ्यांपर्यंत चढते. फॉर्म्युला वनच्या १९५० पासूनच्या प्रत्येक हंगामात उतरलेला हा एकमेव संघ आहे. ल मान्समध्ये १९६५ नंतर थेट २०२३ मध्ये फेरारी पुन्हा पहिली आली, आणि ती ४९९पी गाडी २०२४ व २०२५ मध्येही जिंकली.

फेरारीचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. एसएफ९० आणि २९६ च्या स्टिअरिंगवर खऱ्या बटणांऐवजी स्पर्शाने चालणारे पृष्ठभाग बसवण्याचा निर्णय मला अक्षम्य वाटतो. ज्या यंत्राचा सारा अर्थ बोटांना मिळणाऱ्या संवेदनेत आहे, त्यात बोटाला काहीच न जाणवणारे बटण कशासाठी? २०२५ च्या अमाल्फीमध्ये खरी बटणे परतली आहेत, म्हणजे इथेही जुनी सवय कामी आली. खास गाड्या कोणाला विकायच्या हे आधीच्या खरेदीवरून ठरवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्यामुळे उत्तम चालक मागे राहतो आणि संग्राहक पुढे जातो. सात वर्षांची नियमित देखभाल गाडीसोबतच देण्याची योजना मात्र २०११ पासून चालू आहे, आणि एफ३५५ च्या मालकांनी जे सोसले ते पाहता तिचे मोल मोठे आहे.

म्हणून माझा क्रम असा लागतो. फेरारी पहिली, मॅक्लारेन दुसरी आणि तिच्यापासून फारसे अंतर न ठेवता पोर्शे तिसरी. लॅम्बोर्गिनीला मी चौथे स्थान देतो, पण रेव्हुएल्टो आणि मिनिटाला १०,००० फेऱ्या घेणारे टर्बो इंजिन असलेली टेमेरारियो पाहता ते स्थान पुढच्या पिढीत वर सरकण्याची शक्यता मला खरी वाटते. कोनिग्सेग, पगानी आणि बुगाटी यांना मी या उतरंडीत बसवत नाही. त्यांची कामगिरी थोर आहे, पण माझी तिसरी कसोटी त्यांना न्याय्यपणे लावता येत नाही.

पहिल्या दोन क्रमांकांतील अंतर कायमचे नाही. मॅक्लारेनने पुढची दहा वर्षे एकाच गाडीवर धीराने काम केले, ते स्टिअरिंग हातचे जाऊ दिले नाही, आणि ऐकावेसे वाटेल असे स्वतःचे इंजिन घडवले, तर मी हा क्रम उलटा लिहीन. त्याच काळात फेरारीला विद्युत गाडीत आपल्या हाताळणीची ओळख टिकवावी लागेल, आणि तिथे बारा सिलिंडरचा वारसा तिच्या मदतीला येणार नाही.